दांडा आलाच नाही, पातीवर उद्योग उभा राहिला

लसणीच्या पातीच्या आमच्या उद्योगाची सुरुवात गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या आमच्या मळ्यात झाली असे आम्ही सांगतो, परंतु खरे पाहता ती कॅनडातील ओंटारियो प्रांतात, माझ्या बहिणीच्या शेजाऱ्यांच्या सेंद्रिय शेतावर झाली. २०१६ च्या जून महिन्यात मी तिच्याकडे गेले होते. त्या शेतात लसणीच्या प्रत्येक रोपाच्या मधून जिलबीसारखा वळसा घेतलेला एक हिरवा दांडा वर आला होता आणि घरची सगळी माणसे, आजीपासून शाळकरी नातवंडांपर्यंत, ते दांडे कट्कन मोडून टोपल्यांत टाकत होती. दांड्याने एक वळसा घेतला की तो काढायचा. पुढे तो सरळ होऊ लागला की चिवट होतो, आणि तसाच राहू दिला तर रोपाची ताकद फुलाकडे जाऊन खालचा गड्डा लहान राहतो, असे त्यांनी मला समजावले. गड्डा पोसावा म्हणून जे काढून टाकायचे, तेच विकून त्या घराला हंगामाचे पहिले पैसे मिळत होते, आणि माझ्या मनाने घेतले ते हेच.

बहिणीच्या स्वयंपाकघरात मी त्या दांड्यांचा खालचा राठ भाग आणि वरची कळी काढून बोटाच्या पेराएवढे तुकडे केले, आणि चवळीच्या शेंगांची करतो तशी मोहरी, हिरवी मिरची व खोबरे घालून सुकी भाजी केली. झाकण ठेवले की रंग काळवंडतो, म्हणून ती उघड्या कढईतच परतली. कच्चा असताना जिभेला झोंबणारा दांडा शिजल्यावर गोडसर लागतो आणि लसणीचा केवळ वास मागे उरतो. उरलेले दांडे न धुता पिशवीत घालून फ्रीजमध्ये ठेवले, तर दोन-तीन आठवडे जसेच्या तसे राहिले. त्याहून अधिक टिकवायचे असतील तर शेजारीण ते बारीक चिरून, ताटात सुटे पसरून गोठवी आणि कडक झाल्यावरच पिशव्यांत भरी, म्हणजे त्यांचा गोळा होत नसे.

घरी परतल्यावर, भाताची कापणी झालेल्या मळ्यात नोव्हेंबरमध्ये आम्ही बाजारात मिळाली ती पहाडी लसूण लावली. पात भरघोस आली, दांडा मात्र एकही आला नाही. दुसऱ्या वर्षी पाकळ्या दोन महिने फ्रीजमध्ये ठेवून लावल्या. ‘लसणीला थंडी आणि आम्हांला पंखासुद्धा नाही’ असे बाबा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत राहिले, आणि दांडा त्याही वर्षी आला नाही. दांडा धरणाऱ्या जातींना कित्येक आठवड्यांची थंडी आणि त्यानंतर लांबत जाणारे दिवस लागतात. ओंटारियोत लसूण ऑक्टोबरच्या सुमारास लावतात, ती बर्फाखाली हिवाळा काढते आणि जूनमध्ये तिला पंधरा तासांहून अधिक उजेड मिळतो. आपल्याकडे जानेवारीची पहाटसुद्धा वीस अंशांच्या आसपासची, आणि वर्षातला सर्वांत मोठा दिवस जेमतेम तेरा तासांचा. हे आधी वाचले असते तर दोन हंगामांचे बियाणे वाचले असते, हे मला मान्य आहे.

आईने मात्र त्या फसलेल्या वाफ्यातली कोवळी पात मुळासकट उपटून, ओले खोबरे, मिरची आणि आमसुलाबरोबर पाट्यावर वाटली आणि तांदळाच्या भाकरीसोबत वाढली. त्या चटणीनेच आमचा धंदा ठरवला. गड्ड्यासाठी न थांबता दीड-दोन महिन्यांची ओली लसूण काढायची, जुड्या बांधायच्या आणि म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात न्यायच्या, असा क्रम सुरू झाला. पातीचा ताजेपणा दांड्यासारखा टिकत नाही. ओल राहिली तर ती तिसऱ्या दिवशी चिकट होते. म्हणून जुडी न धुता, कोरड्या फडक्यात गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवावी आणि चार-पाच दिवसांत संपवावी, असे आम्ही गिऱ्हाइकाला जुडीबरोबरच सांगतो.

आमची मोठी चूक २०१९ मधली. पावसाळ्यापूर्वी पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्यासाठीच्या साठवणीची, खरेदी जोरात असते, म्हणून आम्ही वाटलेली पात तेलात भरून साठ बाटल्या तयार केल्या आणि त्या फळीवर मांडून ठेवल्या. आठवड्याने एका बाटलीचे झाकण उघडताना फस्स असा आवाज झाला आणि तेलातून बारीक बुडबुडे वर आले. त्या निमित्ताने चौकशी केली तेव्हा कळले की बुडबुडे दिसले हे आमचे नशीबच. लसूण मातीतली, तिला आंबटपणा नाही, आणि तेलाखाली हवा नाही; अशा जागी बोटुलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेचे जंतू वाढून विष तयार करू शकतात आणि त्याचा वास किंवा रंग बदललेला दिसेलच असे नाही. साठही बाटल्या आम्ही खोल खड्ड्यात पुरल्या. एकही विकली गेली नव्हती, तरी त्या रात्री मला झोप आली नाही.

तेव्हापासून तेलातली बाटली आम्ही करत नाही. लोणचे माडाच्या सुरेपासून, म्हणजे माडीपासून, केलेल्या व्हिनेगरमध्ये घालतो आणि प्रत्येक घाण्याचा पीएच (आंबटपणाचे माप, जितके कमी तितके आंबट) ४.६ च्या बराच खाली असल्याचे यंत्रावर पाहूनच झाकण लावतो. वाटण बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून त्याच्या वड्या विकतो. त्यात खोबरे घालत नाही, कारण गोठवून वितळलेले खोबरे फुटते आणि चटणी पाणचट होते. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि हॉटेलांची मागणी एका दिवसात थांबली, तेव्हा याच वड्या घरोघरी गेल्या, आणि आज आमचे बहुतेक गिऱ्हाईक त्या घरांतलेच आहे.

पावसाळ्यात वीज तासन्‌तास जाते, हे दुखणे राहतेच. एकदा अर्धवट वितळलेला माल पुन्हा गोठवावा की फेकावा यावरून घरात भांडण झाले आणि फेकण्याच्या बाजूने आई एकटीच उभी होती. तिचेच आम्ही ऐकले. यंदा फ्रीजरसाठी वेगळा इन्व्हर्टर घेतला आहे, त्याचे हप्ते डिसेंबरच्या जुड्यांतून फिटायचे आहेत.