समासातला प्रश्न

स्मरणिकेसाठी मनोगत मागणारं पत्र आलं, त्यातलं एक वाक्य असं होतं : ‘ज्या शिक्षकांनी तुम्हाला घडवले, त्यांच्याविषयी चार शब्द लिहावेत.’ मी ते वाचलं आणि मनातल्या मनात पेन्सिल फिरली. ‘त्यांच्याविषयी लिहावेत’ हे मुख्य वाक्य. ‘ज्या शिक्षकांनी घडवले’ हे गौण वाक्य, आणि कोणते शिक्षक ते सांगतंय, म्हणून विशेषणवाक्य. शाळा सोडून तीस वर्षं होत आली, पण ही सवय गेली नाही. ती इंग्रजीच्या सरांनी लावली. नाव लिहायची गरज नाही, ‘इंग्रजीचे सर’ म्हटलं की आपल्या सगळ्यांसमोर एकच चेहरा येतो. मैदान, प्रयोगशाळा, स्नेहसंमेलन यांच्याबद्दल बाकीचे लिहितीलच. मी फक्त सरांबद्दल लिहिणार आहे.

नववीत ॲनालिसिस, म्हणजे वाक्याची मुख्य आणि गौण वाक्यांत फोड करणं, सुरू झालं तेव्हा सगळ्या वर्गाने धसका घेतला होता. नाऊन क्लॉज म्हणजे नामवाक्य, ॲडजेक्टिव्ह क्लॉज म्हणजे विशेषणवाक्य, ॲडव्हर्ब क्लॉज म्हणजे क्रियाविशेषणवाक्य, ही तीन नावं पाठ झाली, पण वाक्य समोर आलं की हात थरथरायचा. मी माझ्यापुरता एक उपाय शोधला होता. वहीच्या शेवटच्या पानावर शब्दांची यादी केली : ‘इफ’ दिसला की अट, ‘व्हेन’ दिसला की काळ, ‘व्हेअर’ दिसला की स्थळ, ‘हू’ आणि ‘व्हिच’ दिसले की विशेषण. यादी तोंडपाठ होती, त्यामुळे घटक चाचणीत मी सगळ्यांच्या आधी पेपर दिला.

पेपर परत मिळाला. ‘आस्क हिम इफ ही इज रेडी’ या वाक्यापुढे मी ‘ॲडव्हर्ब क्लॉज, कंडिशन’ असं लिहिलं होतं. सरांनी त्यावर फुली मारली नव्हती. गुणांची जागा कोरी होती आणि समासात लाल शाईने दोनच शब्द होते : ‘काय विचारू?’

मी ते दोन शब्द किती वेळा वाचले असतील! आधी वाटलं, सर मलाच काहीतरी विचारतायत. मग वाटलं, त्यांचं वाक्य अर्धवट राहिलंय. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या रांगेत उभी असताना एकदम लक्षात आलं, की हा प्रश्न मला नाही, वाक्याला विचारलेला आहे. त्याला विचार. काय विचारू? तो तयार आहे का, ते. म्हणजे ‘इफ ही इज रेडी’ हे ‘आस्क’चं कर्म झालं. इथे अट कुठेच नाही. हे नामवाक्य आहे!

मधल्या सुट्टीत शिक्षकखोलीच्या दाराशी जाऊन मी सरांना एका दमात सगळं सांगितलं. सरांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “बरं, मग ‘कॉल हिम इफ ही इज रेडी’?” मी म्हटलं, “तयार असेल तर बोलाव.” “आणि आधीचं?” “तयार आहे का, ते विचार.” सर म्हणाले, “एकीकडे ‘तर’ आलं, दुसरीकडे ‘का’ आलं. मराठी तुला सांगत होती, तू तिला विचारलं नाहीस.” मग खिशातलं लाल पेन काढून त्यांनी कोऱ्या जागेत गुण लिहिला. मला तो पूर्ण मिळाला. चुकीच्या उत्तराला पूर्ण गुण का, असं मैत्रिणीने विचारलं, तेव्हा सर एवढंच म्हणाले, “तिने उत्तर आज दिलं.”

त्या दिवशी मी यादीचं पान फाडून टाकलं.

सरांची रीत ठरलेली असायची. आधी क्रियापदं मोजायची, तीही काळ दाखवणारी. ‘टू गो’, ‘टू सी’ मोजायची नाहीत. जितकी क्रियापदं, तितके क्लॉज. त्यामुळे ‘द बुक यू गेव्ह मी इज लॉस्ट’ यात जोडणारा शब्द दिसत नसला तरी ‘गेव्ह’ आणि ‘इज’ मोजले की लपलेलं विशेषणवाक्य सापडायचं. मग सर गौण वाक्यावर तळहात ठेवायचे, अख्ख्या हाताला खडू लागायचा, आणि विचारायचे : “आता मुख्य वाक्यात कसली जागा रिकामी झाली?” नावाची जागा रिकामी झाली तर नामवाक्य, नामाला चिकटलेला तपशील गेला तर विशेषणवाक्य, क्रियेचं कधी, कुठे, का, कसं गेलं तर क्रियाविशेषणवाक्य. एकाच ‘व्हेन’ची तीन रूपं त्यांनी फळ्यावर एकाखाली एक लिहिली होती : ‘टेल मी व्हेन ही विल कम’, ‘द डे व्हेन ही केम’, ‘व्हेन ही कम्स, टेल मी’. पहिल्यात ‘विल’ चालतो, शेवटच्यात भविष्याबद्दल बोलत असूनही चालत नाही, हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं. तोवर ती नुसती अपवादांची कटकट वाटायची.

सगळ्यात कठीण जोडी ‘दॅट’ची होती. ‘द न्यूज दॅट ही ब्रॉट’ आणि ‘द न्यूज दॅट ही हॅड फेल्ड’. दोन्ही ‘न्यूज’च्या मागे येतात, म्हणून सगळ्या वर्गाने विशेषणवाक्यं ठरवली. सरांनी ‘दॅट’ पुसला. ‘ही ब्रॉट’ उरलं. काय आणलं? पोकळी दिसली, कारण ‘दॅट’ म्हणजेच ती आणलेली बातमी. ‘ही हॅड फेल्ड’ मात्र स्वतःच्या पायावर उभं. ती बातमीच आहे, बातमीचं वर्णन नाही, म्हणून नामवाक्य. आपल्या मराठीतही ‘त्याने आणलेली बातमी’ आणि ‘तो नापास झाल्याची बातमी’ असा फरक होतोच.

आज मी करारपत्रांचा अनुवाद करते आणि माझ्या हाताखाली चार मुलं काम करतात. ‘एम्प्लॉईज हू हॅव कम्प्लीटेड वन इयर’ यात स्वल्पविराम नसतील तर वर्ष पूर्ण केलेलेच कर्मचारी, आणि ‘हू’च्या आधी व ‘इयर’च्या नंतर स्वल्पविराम आले तर सगळेच कर्मचारी. एका मसुद्यात ही खूण माझ्या नजरेला पडली आणि पक्षकाराला मी वेळीच कळवलं. पक्षकाराने माझं कौतुक केलं. ते सरांचं होतं.

आता माझी मुलगी नववीत आहे. तिच्या मार्गदर्शकात तीच यादी छापलेली आहे : ‘इफ’ म्हणजे अट, ‘व्हेन’ म्हणजे काळ. तीन रकान्यांची, रंगीत. पाहून वाईट वाटलं. पर्यायांवर खूण करायची असते म्हणून समासात लिहायला जागाच उरत नाही, आणि एका मुलाच्या एका गुणासाठी दुसऱ्या दिवसापर्यंत थांबणारं कोण असणार?

समारंभाला सर येणार आहेत असं पत्रात लिहिलंय. ‘आय ॲम शुअर दॅट ही विल कम’ या वाक्यावरून कचेरीत आमचा दोन महिने वाद चाललाय. ‘शुअर’ हे विशेषण आहे, त्याला कर्म नसतं, म्हणून एकजण क्रियाविशेषणवाक्य म्हणते. मी म्हणते, ‘शुअर ऑफ इट’ म्हणता येतं, म्हणजे तिथे नावाचीच जागा आहे. वाक्य एका कागदावर लिहून ठेवलंय, समास मोठा सोडलाय.