आमची वाटचाल : नागपूरच्या उन्हात चॉकलेट स्टाउट

मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो त्या शहरात स्टाउट, म्हणजे भाजक्या माल्टची काळी, दाट बिअर, कोण पिणार, असं आम्हाला सगळ्यांनीच विचारलं होतं. बहिणीने आणि मी हिंगणा रोडला ही छोटी ब्रुअरी टाकली तेव्हा गव्हाची बिअर खपली आणि भाडं, पगार तिच्यातूनच निघाले. ओळख मात्र चॉकलेट स्टाउटने दिली.

पहिला मोठा खर्च चिलरचा, म्हणजे टाकी गार ठेवणाऱ्या यंत्राचा. स्टाउटचं यीस्ट 18 ते 20 अंशांत नीट काम करतं. टाकी तापली की बिअरला थिनरसारखा उग्र वास येतो, त्यामुळे नागपुरात चिलरवर काटकसर चालत नाही.

चॉकलेटची चव मुख्यतः माल्टची. बार्लीचा माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेले दाणे, 200 अंशांच्या वर, कोकोच्या रंगावर येईपर्यंत भाजतात. 1817 मध्ये इंग्लंडच्या डॅनियल व्हीलरने माल्ट भाजायच्या ड्रमचं पेटंट घेतलं आणि गडद बिअरचं रूपच पालटलं. आम्ही वरून केरळच्या कोको बियांचे भाजलेले तुकडे घालतो, पण बेतानेच. कोकोत जवळपास निम्मी चरबी असते आणि चरबीने फेस बसतो.

प्रत्येक टाकीची चाखणी सकाळी होते, तर्री-पोहे त्यानंतर. ग्लास उजेडात धरला की काठाला लालसर झाक दिसायला हवी, फेस बदामी हवा. मग नाक. लोण्याचा वास आला तर आंबवण अर्धवट राहिलंय, ओल्या पुठ्ठ्याचा आला तर बिअरला हवा लागलीय. घोटात आधी कोको, मग कॉफी, शेवटी कोरडा कडवटपणा. जिभेवर राख राहिली तर भाजका माल्ट जास्त झाला. गुण बीजेसीपी या बिअर-परीक्षकांच्या संस्थेच्या तक्त्याप्रमाणे 50 पैकी : गंध 12, रूप 3, चव 20, तोंडातला पोत 5, एकूण परिणाम 10. पोताला 5 फारच कमी, असं माझं ठाम मत आहे. स्टाउट पातळ लागली की बाकी सगळं वाया. चाखणीत न उतरलेली टाकी विक्रीला जात नाही.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो थंडपणाचं समजावण्यात. "भाऊ, काहून कोमट देऊन राहिले?" हे रोजचंच होतं. बर्फगार स्टाउटमध्ये कोकोचा गंध उठतच नाही, म्हणून आम्ही ती 10-12 अंशांवरच देतो. बहीण शंका घेणाऱ्यापुढे दोन छोटे ग्लास ठेवते, एक गार आणि एक आमच्या पद्धतीचा. बहुतेक जण दुसराच मागतात.

सोबत सावजी मटण नको, असं आम्ही स्पष्ट सांगतो. भाजका कडवटपणा तिखटाला आणखी चढवतो. संत्रा बर्फी मात्र जरूर घ्या. त्यावरूनच आता मृग बहाराच्या संत्र्याची साल घालून एक लहान टाकी लावली आहे. साल किसताना आतला पांढरा भाग येऊ द्यायचा नाही, हे बहीण स्वतः उभी राहून बघते. चाखणी पुढच्या आठवड्यात.