काही झालं नाही

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात एका सरकारी मराठी शाळेत मी चौथीला शिकवते. वर्गात चौदा मुलं. जुलैत कंगव्याचा प्रयोग घेतला: कंगवा केसांवर घासायचा, कागदाच्या कपट्यांजवळ धरायचा, कपटे उडून चिकटतात. बाहेर चार दिवसांची झड, फळ्यावर खडू उमटेना, मुलांची डोकी खोबरेल तेलाने चोपडलेली. एक कपटा हलला नाही. "निरीक्षण लिहा," म्हटलं आणि मी दुसऱ्या वर्गावर गेले.

तेरा जणांनी लिहिलं, 'कपटे कंगव्याला चिकटले.' एका मुलीने लिहिलं, 'काही झालं नाही. कंगवा ओला होता काय?'

दोन दिवसांनी तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यांनी नेमकी तिच्याच ओळीखाली लाल रेघ मारली. "प्रयोग नीट करून घ्या." छपराच्या धारा ऐकू येत असताना माणूस हे बोलू शकतो! मी गप्प राहिले. ती माझ्याकडे बघत होती.

तिचं खरं होतं. घासून जमलेला विद्युतभार पळतो तो मुख्यतः वस्तूवर बसलेल्या पाण्याच्या पातळ थरावरून. इंग्रज वैद्य विल्यम गिल्बर्टने १६०० सालच्या ग्रंथात हेच नोंदवलंय, की ओलसर श्वास लागला तरी घासलेल्या अंबराची, म्हणजे झाडाच्या राळेपासून झालेल्या पिवळसर खड्याची, ओढ जाते.

त्या रात्री मी लोणच्याची रिकामी बरणी धुऊन न्हाणीतल्या चुलीजवळ वाळवली. झाकणाला भोक पाडून त्यात मेणबत्तीचं मेण ओतलं, मेणात तांब्याची तार बसवली. मेणावर पाणी पसरत नाही, सगळी मदार त्यावरच. तारेच्या खालच्या आकड्याला डबा बांधायच्या फॉइलच्या दोन अरुंद पट्ट्या, अगदी सैल, भार आला की एकमेकींपासून फाकतील अशा. वायरिंगचा पीव्हीसी पाइप हाताला कोमट लागेल इतपत शेकला आणि बाबांच्या लोकरीच्या कानटोपीसकट भाजलेल्या तांदळाच्या डब्यात ठेवला. तो डबा सकाळी रेनकोटच्या आत धरून शाळेत नेला.

पाइप कानटोपीने घासून तारेवरून ओढला. पट्ट्या फाकल्या, चांगल्या बोटभर! मुलांनी मोठ्याने आकडे मोजले. बारापर्यंत टिकल्या.

मग मी तिला घासलेल्या पाइपवर तोंडाची वाफ सोडायला सांगितलं. पाइप कपट्यांजवळ नेला. सगळे जागच्या जागी.

"टीचर, कांय जालें ना," ती म्हणाली, आणि तिचा चेहरा उजळला.

तिने वही काढली. "टीचर, आधीचं खोडू?"

"नको. खाली आजचं लिही."

तिच्या पानावर ती लाल रेघ अजून आहे. बाकीच्या तेरा वह्यांत 'कपटे चिकटले' याखाली माझी सही आहे.