अजिंठा ते नळदुर्ग: काल्पनिक साम्राज्याचे सुभे आखायला केलेली खरी ट्रिप

आधीच सांगतो, ही नेहमीची लेणी-देवदर्शन-ढाबा ट्रिप नव्हती. आम्ही लातूरची काही टाळकी रविवारी बसून फासे टाकत एक लांबलचक गेम खेळतो, त्यातलं साम्राज्य आमचंच, नाव करंड, आणि नव्या कॅम्पेनला, म्हणजे बऱ्याच रविवारी पुरणाऱ्या नव्या गोष्टीला, त्याचा नकाशा लागणार होता. गोष्ट रचायची भाच्यानं आणि नकाशा काढायचा मी अशी वाटणी आहे. भाच्याची अट एकच, "मामा, पट्टी लावून सीमा नाही आखायच्या. पट्टीनं आखलेला सुभा बघितला की लगेच कळतंय, तिथं कुणी राहत नाही." मग म्हटलं, दोन हजार वर्षं ज्याला त्याला येऊन जिथं सुभे पाडावेसे वाटले, वाटून घ्यावेसे वाटले, गहाण टाकावेसे वाटले तो मुलूख तर आपल्या दारातच आहे, लांब कशाला जायचं. दिवाळी झाल्यावर गाडी काढली, मी, भाचा आणि माझा एक मित्र जो पाटबंधारेत आहे. निम्मी ट्रिप त्याच्यामुळंच जमली, कारण ह्या माणसाला नदी दिसली की तिचं नाव नंतर, आधी विचारतो हिचं पाणी जातं कुठं.

आम्ही आधी सरळ वर संभाजीनगर गाठलं आणि मग हळूहळू खाली घराकडं येत गेलो. तुम्हीपण तसंच करा, कारण वरून खाली येताना घाट, नद्या आणि माथे ओळीनं लागतात आणि नकाशा आपोआप डोक्यात बसतो.

अजिंठा संभाजीनगरहून शंभर किमीच्या आसपास. सोमवारी अजिंठा बंद आणि मंगळवारी वेरूळ बंद, हे लिहून ठेवा, शनिवार-रविवारला एक सुट्टी जोडून येणारे नेमके सोमवारी फर्दापूरला उभे असतात. फर्दापूरच्या टी पॉइंटला गाडी लावायची, पुढं चारेक किमी तिथल्या बसनं. लेणी बघाच, पण आमच्यासारखं कुणी सुभे आखायला निघालं असेल तर खरा माल लेण्यांच्या आधीच आहे. अजिंठा गावातून फर्दापूरला उतरताना घाट लागतो, तो सुरू व्हायच्या आधी मोकळी जागा बघून गाडी बाजूला घ्या (घाटात अजिबात थांबू नका, ट्रक फार) आणि उत्तरेला बघा. तुमच्या पाठीमागं सिल्लोडच्या बाजूला पडलेलं पाणी पूर्णेतून गोदावरीला आणि तिथून बंगालच्या उपसागरात जातं, आणि समोर खाली लेण्यांच्या पायथ्याची वाघूर तापीला मिळून अरबी समुद्रात. एकाच जिल्ह्यात दोन समुद्र! आणि गंमत अशी की सोयगाव तालुका घाटाच्या खाली आहे पण जिल्हा वरचा, मराठवाडाच. कलेक्टर ऑफिसला जायचं तर घाट चढा, आणि पाचोरा-जळगाव मात्र सपाटीवरून जवळ.

भाच्यानं तिथंच पहिला सुभा ठरवला, नाव कडेपार. हुकूम वरून येतो पण कापूस खालच्या बाजारात जातो, लग्नं खाली जमतात, आणि वसुली घेऊन घाट चढणारा कारकून वर पोचेपर्यंत निम्मा दमलेला असतो. आमच्या गेममध्ये बंडं आता तिथूनच उठणार, त्याला वेगळं कारण लिहायची गरजच उरली नाही.

देवगिरीबद्दल सगळ्यांना माहीत आहे म्हणून थोडक्यात. सकाळी उघडल्या उघडल्या चढा, पाणी बरोबर घ्या, अंधेरीसाठी, म्हणजे वर जाताना लागणाऱ्या काळोख्या भुयारासाठी, टॉर्च घ्या, मोबाइलचा उजेड पुरत नाही आणि वटवाघळांचा वास सहन होत नसेल तर नाकाला रुमाल. गुडघे बोलत असतील तर चांद मिनार आणि खंदक बघून परत आलात तरी चालतं. खालून तासलेला उभा कडा बघितला की हा किल्ला कुणी घेतला कसा असा प्रश्न पडतो, तर १२९६ मध्ये अलाउद्दीन खिलजी आला तेव्हा आत धान्याची म्हणून चढवलेली पोती मिठाची निघाली असं सांगतात. गोष्ट खरी असो नसो, आमच्या गेमचा नियम तिथं बदलला: किल्ला घ्यायचा असेल तर भिंतीवर फासे टाकायचे नाहीत, कोठारावर टाकायचे. दुसरी गोष्ट तुघलकाची. १३२७ मध्ये दिल्लीहून राजधानी इथं आणली, कारण साम्राज्याच्या नकाशावर ही जागा मधोमध येते. मधोमध असणं आणि राजधानी चालणं ह्यात फरक आहे. तो बघायचा असेल तर उतरून शहरात पाणचक्कीला जा, मलिक अंबरनं १६१० मध्ये खडकी (म्हणजे आजचं संभाजीनगर) वसवली तेव्हा डोंगरातलं पाणी जमिनीखालच्या नहरींनी शहरात आणायची सोय केली, आणि ते शहर टिकलं. करंडची राजधानी म्हणून आम्ही किल्ल्यावर नाही, नहरीच्या तोंडाशी ठेवली. किल्ल्यावर फक्त खजिना आणि नको असलेले भाऊबंद.

तिथून पैठण. नाथसागराची भिंत दहा किमीच्या आसपास लांब आहे, थंडीत पक्षी बघायला लोक येतात, आम्ही थोडा वेळ थांबलो आणि नाथांच्या वाड्यात जाऊन आलो. पण पैठणचं खरं काम वेगळं होतं. साधारण दोन हजार वर्षांपूर्वीच्या पेरिप्लस नावाच्या ग्रीक व्यापारी टिपणात लिहिलंय की गुजरातेतल्या भडोच बंदराहून दक्षिणेला वीस दिवसांवर पैठण, आणि पैठणहून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजे आपलं तेर. पैठणहून गोमेदासारखे दगड जायचे, तेरहून कापड, आणि सगळं बैलगाड्यांतून, मोठाल्या बिनरस्त्याच्या मुलखातून. आजच्या रस्त्यानं पैठण ते तेर दोनशे किमीच्या आसपास भरतं, म्हणजे दिवसाला वीस, बैलगाडीचा हिशोब बरोबर जमतो. दिशा मात्र पूर्व नाही, आग्नेय आहे, पण लिहिणारा बंदरावर बसून ऐकीव लिहीत असणार, त्याला दिवसांशी मतलब.

भाचा मागच्या सीटवरून म्हणाला, "मग नकाशावर किलोमीटर लिहायचेच कशाला, मुक्काम लिहू." आणि मित्र म्हणाला, मुक्काम लिहिणार असाल तर दोन नकाशे काढा, एक दसऱ्याच्या अलीकडचा, एक पलीकडचा. हे मला फार पटलं. ज्यांनी गेवराईच्या बाजूला पावसाळ्यात शेतातली वाट तुडवलीय त्यांना माहीत आहे, काळी माती ओली झाली की चप्पल ठेवून घेते, बैलगाडीचं तर बोलूच नका. सीमोल्लंघन दसऱ्याला का, फौजा तेव्हाच का बाहेर पडायच्या, हे नकाशावर दाखवायचं तर साम्राज्य वर्षातून दोनदा आकार बदलतं असंच दाखवायला पाहिजे. पावसात राजधानीपासून चार मुक्कामांचा सुभा दहा मुक्कामांचा होतो आणि तिथला सुभेदार चार महिने स्वतःच राजा असतो. आमच्या नकाशावर आता उन्हाळी रेघ तांबडी आणि पावसाळी रेघ निळी आहे.

बीड सोडल्यावर मांजरसुंब्याचा घाट चढलात की तुम्ही बालाघाटावर आलात. खाली बिंदुसरा, सिंदफणा आणि गंगथडी, वर माथा. (आमच्याकडं गोदावरीला गंगाच म्हणतात, त्यामुळं थडी हे सुभ्याचं नाव भाच्याला शोधावं लागलं नाही.) जमीन पातळ होते, ज्वारी बुटकी होते, हवा जरा बरी लागते. पुढं मांजरा ओलांडावी लागते, तिथं ती इतकी लहान आहे की लक्ष नसेल तर निघून जाते, आणि हीच पुढं सातशे किमीहून जास्त वाहणार आहे हे खरं वाटत नाही. जेवणासाठी ह्या रस्त्यावर भाकरी, पिठलं, ठेचा मिळणारे ढाबे भरपूर आहेत, ट्रक जिथं जास्त उभे असतील तिथं थांबा.

तेरला बहुतेक लोक गोरोबाकाकांच्या दर्शनाला जातात आणि तसेच परत फिरतात. असं करू नका. त्रिविक्रमाचं देऊळ बघा, विटांचं आहे, मागची बाजू अर्धगोल, मूळचं बौद्ध चैत्य असल्याचं जाणकार मानतात. आणि लामतुरे म्युझियम बघा, तेरला सापडलेल्या वस्तू तिथं आहेत, रोमशी व्यापार म्हणजे काय ते बारीक बारीक मूर्ती आणि मणी बघून कळतं. सरकारी म्युझियम आहे, सुट्टीचा वार आधी फोन करून विचारा.

तिथं एक सल्ला आयता मिळाला. आम्ही तेरणा नदीच्या कडेला बॉनेटवर नकाशा पसरून उभे होतो तर एक आजोबा सायकलवरून उतरले. "काय मोजायलाव पाव्हणं? पुन्हा हायवे काढायलेत का?" मी म्हटलं नाही आजोबा, हा खोट्या राज्याचा नकाशा आहे. त्यांनी नीट वाकून बघितला आणि म्हणाले, "खोटं असू द्या, पण आमची जमीन कुण्या सुभ्यात टाकली ते तरी सांगा." तेव्हा शेताच्या कडेला नकाशा उघडू नका, आणि उघडलाच तर उत्तर तयार ठेवा. आम्ही त्यांची जमीन माथा सुभ्यात टाकली आणि सारामाफी दिली.

आता ह्या ट्रिपमधली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. तेरची तेरणा मांजरेला मिळते आणि मांजरा गोदावरीला. तेरहून तुळजापूर करून नळदुर्गला जा, गाडीनं फार वेळ लागत नाही, तिथली बोरी भीमेला मिळते आणि भीमा कृष्णेला. म्हणजे मध्ये कुठंतरी तुम्ही गोदावरीच्या राज्यातून कृष्णेच्या राज्यात गेलात, आणि अजिंठ्यासारखा कडा नाही, पाटी नाही, सोयाबीन काढलेली सपाट रानं फक्त. मित्रानं एका जागी गाडी थांबवून दोन्ही बाजूंचे ओघळ दाखवले तेव्हा दिसलं, नाहीतर मला जन्मात कळलं नसतं. कड्यावरची सीमा सगळ्यांना दिसते म्हणून तिच्यावर चौकी बसते. ही न दिसणारी सीमा मात्र दुष्काळात दिसते. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, जलदूत म्हणायचे त्या गाडीला, ते कृष्णेच्या खोऱ्यातलं पाणी होतं आणि ही रेघ ओलांडून मांजरेच्या काठच्या गावाला आलं. आम्ही तेव्हा घागरी भरलेल्या लोकांपैकी आहोत त्यामुळं ह्यावर जास्त काव्य करत नाही. करंडमध्ये माथा आणि उतरण ह्या दोन सुभ्यांची सीमा ह्या रेघेवर आहे, आणि पाणी पलीकडून आणायचा परवाना देणं हा बादशहाचा सगळ्यात महागडा अधिकार आहे.

नळदुर्गला निवांत वेळ द्या. किल्ल्यातूनच बोरी वळवून घेतलीय, तिच्यावर बंधारा, आणि बंधाऱ्याच्या पोटात पाणी महाल, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातला, १६१३ च्या सुमाराचा. नर-मादी धबधबे बघायचे असतील तर चांगला पाऊस झालेल्या वर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये जा, बंधारा भरून वाहिल्याशिवाय ते सुरूच होत नाहीत, आम्ही गेलो तेव्हा बारीक धार होती. आत चालणं बरंच आहे, सावली कमी, टोपी घ्या. तिकीट आहे.

आणि नळदुर्गचा इतिहास तर आमच्यासारख्यांसाठी खजिनाच. आजच्या धाराशिव जिल्ह्याचं नाव आधी नळदुर्ग जिल्हा होतं. १८५३ मध्ये निजामानं वऱ्हाड आणि रायचूर दोआबाबरोबर हा मुलूखही इंग्रजांच्या हवाली केला, कशासाठी, तर कंटिंजंट फौजेच्या (निजामाच्या खर्चानं ठेवलेली, पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालची फौज) पगाराची थकबाकी. पगारापोटी जिल्हा! १८६० मध्ये परत मिळाला. पुढं निजामाच्या राज्यात औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड औरंगाबाद सुभ्यात, आणि उस्मानाबाद गुलबर्गा सुभ्यात. शिवाय सर्फ-ए-खास (निजामाची खासगी), पायगा (बड्या सरदार घराण्यांची), जहागिरी अशी गावं मध्ये मध्ये विखुरलेली, शेजारच्या दोन गावांचा सारा दोन वेगळ्या दारांत जायचा. नकाशे काढणारी मंडळी सुभा म्हणजे एक सलग रंग भरतात, इथं येऊन बघितलं की तो मोह सुटतो. आमच्या उतरण सुभ्यात आता बादशहाची खासगी गावं पिवळ्या ठिपक्यांनी दाखवलीत आणि पूर्वेचा एक कोपरा भाडोत्री फौजेकडं गहाण आहे. भाच्यानं व्याजाचा दरसुद्धा ठरवलाय, तो मी इथं सांगत नाही, आमच्यातले खेळणारे वाचतील.

येताना औसा. भुईकोट, आणि खोलगट जागेत असल्यामुळं लांबून नीट दिसतच नाही, आतल्या उंच बुरुजावरून मात्र येणारा माणूस दिसतो. तासाभरात होतो, घर जवळ आल्यामुळं आम्ही तेवढाच दिला.

गाडी नसेल तर: संभाजीनगर-पैठण एसटी भरपूर, तेरला धाराशिवहून जाणं सोयीचं, आणि नळदुर्ग सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरच आहे. अजिंठ्याच्या दिवशी दुसरं काही ठेवू नका. एप्रिल-मेमध्ये तर निघूच नका, दगड तापतात आणि नद्यांच्या जागी नुसती वाळू दिसते. नोव्हेंबर ते जानेवारी बरा. आणि फोनच्या मॅपवर सॅटेलाइट नाही, उंच-सखल दाखवणारा थर लावा, घाट आणि पाणलोट त्यातच उठून दिसतात.

करंडचा पाचवा सुभा अजून कोरा आहे. मांजरा इतकी आग्नेयेला गेल्यावर पुढं एकदम उत्तरेला वळते आणि बासरच्या अलीकडं कंदकुर्तीला गोदावरीला भेटते, ते वळण बघितल्याशिवाय वळणदेश आखायचा नाही असं ठरलंय. जाता जाता उदगीर आणि कंधारचे किल्लेही होतील. संक्रांतीच्या आसपास निघतोय, पेट्रोल वाटून घ्यायला तयार असलेल्या एकाला गाडीत जागा आहे.