मोजपट्टी म्हणून उभा केलेला माणूस

सध्या इजिप्तच्या जुन्या फोटोंचं वेड लागलंय. जुने म्हणजे अगदी सुरुवातीचे. १८३९ च्या ऑगस्टमध्ये पॅरिसला डागेरोटाइपचं, म्हणजे धातूच्या पत्र्यावर फोटो काढायचं, तंत्र जाहीर झालं आणि नोव्हेंबरमध्ये फ्रेंच मंडळी कॅमेरा घेऊन अलेक्झांड्रियात हजर सुद्धा, काय घाई बघा.

पण माझा जीव अडकलाय मॅक्झिम द्यु काँ या फ्रेंच लेखकाच्या फोटोंमध्ये. हा १८४९ ला फ्रेंच सरकारचं काम घेऊन इजिप्तला गेला, सोबत मित्र गुस्ताव फ्लोबेर, पुढे मोठा कादंबरीकार झाला तोच, आणि त्याला त्या देवळांचा भयंकर कंटाळा यायचा 😄 द्यु काँ मात्र कागदी निगेटिव्हवर एकेक खांब, एकेक भिंत टिपत सुटलेला. आता देऊळ केवढं मोठं आहे हे फोटोत कळणार कसं? तर बोटीवरचा एक नुबियन खलाशी, हाजी इस्माइल, त्याला वर चढवायचं आणि उभा करायचा. एक्सपोजर लांबलचक, जरा हलला की फोटो गेला. मग द्यु काँने त्याला सांगितलं की कॅमेऱ्याची ही पितळी नळी म्हणजे तोफ आहे, हललास तर गोळी सुटेल! आणि हे त्यानेच नंतर मजेत लिहून ठेवलंय. पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसले, मग नीट विचार केला तर डोकंच फिरलं. बिचारा उन्हात श्वास रोखून उभा, आणि यांना काय हवं होतं तर मोजपट्टी.

तंत्राच्या बाबतीत इंग्रज फोटोग्राफर फ्रान्सिस फ्रिथ पुढचा, तो १८५६ पासून तीनदा गेला. काचेवर कोलोडियन नावाचं चिकट रसायन लावायचं, ओलं असतानाच फोटो काढायचा आणि लगेच डेव्हलप करायचा, तेही त्या उन्हात, तंबूत कोंडून घेऊन, कधी कधी तर कोलोडियन उकळायला लागायचं. त्यात काही काचा १६ बाय २० इंचांच्या. फोटो एकदम कडक, मान्यच. पण मला जरा जास्तच नीटनेटके वाटतात.

या सगळ्यांच्या फोटोंत वाळू मात्र भरपूर. अबू सिंबेलच्या देवळाचे ते अवाढव्य पुतळे अर्धेमुर्धे वाळूत गाडलेले, आणि या फोटोंत ते मूळ जागी आहेत हे विसरू नका, कारण १९६० च्या दशकात आस्वानच्या नव्या धरणासाठी अख्खं देऊळ कापून वर नेऊन बसवलं. फिले बेटावरच्या देवळाचंही पुढे तेच झालं, बेटच बदललं. म्हणजे ती मूळ जागा बघायची तर आता हेच फोटो.

द्यु काँचा १२५ फोटोंचा अल्बम १८५२ ला आला, त्यातले बरेच न्यूयॉर्कच्या मेट म्युझियमच्या साइटवर फुकट बघता येतात. झूम करून बघा. हाजी इस्माइल कधी पुतळ्याच्या अंगावर, कधी खांबाच्या टोकाला, आणि एकदा सापडला ना की मग देऊळबिऊळ राहतं बाजूला, प्रत्येक फोटोत आधी त्यालाच शोधत बसतो आपण.