बाहेर 43, आत कोरडा बर्फ

मे महिना, दुपारचे तीन. कंट्रोल रूममधून निरोप आला, "साहेब, कोल्ड बॉक्सचा डीपी वाढायलाय." कोल्ड बॉक्स म्हणजे मिथेन थंड करून द्रव करणारा डबा, आणि डीपी म्हणजे त्याच्या दोन टोकांमधला दाबफरक. एरवी 0.3 बार असणारा हा फरक 0.9 वर गेला होता. 1.5 ला प्लांट आपोआप बंद पडतो. त्याच स्क्रीनवर मॉलिक्युलर सीव्हनंतरचा (सीव्ह म्हणजे वायू शोषून धरणारे सच्छिद्र दाणे) कार्बन डायऑक्साइड दिसत होता 18 पीपीएम, म्हणजे दहा लाखांत 18 भाग. आमची मर्यादा 50. म्हणजे स्क्रीनवर भरवसा ठेवायचा तर आत गोठण्यासारखं काही जातच नव्हतं.

प्लांट लातूर-धाराशिव पट्ट्यातला, साखर कारखान्याच्या कुंपणाला लागून. प्रेसमडपासून (उसाच्या रसातून गाळून उरलेला गाळ) बायोगॅस, त्यातून मिथेन, आणि तो द्रवरूपात टँकरमध्ये. सिलिंडरमध्ये भरायच्या सीबीजीला (दाबून भरलेला बायोगॅस) आयएस 16087 या भारतीय मानकाप्रमाणे 90 टक्के मिथेन पुरतो आणि 4 टक्के कार्बन डायऑक्साइड चालतो. 4 टक्के म्हणजे 40,000 पीपीएम. द्रवीकरणाला 50 हवा. दोन्हींत आठशे पटींचा फरक आहे, त्यामुळे "सीबीजी करतोच आहोत, पुढे एक कोल्ड बॉक्स जोडू" असं कोणी म्हणालं की त्याला आधी हा आकडा सांगावा लागतो.

साधारण वाताभाराला मिथेन उणे 161 अंशांना द्रव होतो. तेवढ्या थंड द्रवात कार्बन डायऑक्साइड जेमतेम दोनशेच्या आसपास पीपीएम विरघळतो. त्यावरचा घन होऊन बसतो, तोच कोरडा बर्फ. कोल्ड बॉक्समधल्या ॲल्युमिनियमच्या प्लेट-फिन एक्स्चेंजरच्या (उष्णता काढून घेणारा पत्र्यांचा संच) वाटा एक-दोन मिलिमीटरच्या. तिथे थोडाही बर्फ भारी पडतो.

गॅसची वाट अशी. डायजेस्टरमधून (प्रेसमड कुजवणारी बंद टाकी) 55 ते 60 टक्के मिथेन येतो, उरलेला बहुतेक कार्बन डायऑक्साइड. आमचा कारखाना सल्फिटेशनवाला (रस गंधकाच्या धुराने साफ करणारा), त्यामुळे प्रेसमडमध्ये गंधक आणि गॅसमध्ये हायड्रोजन सल्फाइड हजारो पीपीएम. तो स्क्रबर आणि मग ॲक्टिव्हेटेड कार्बनवर काढून टाकतो. इथे कसर राहिली तर सीव्हवर त्याचा कार्बन डायऑक्साइडशी संयोग होऊन कार्बोनिल सल्फाइड आणि पाणी तयार होतं, म्हणजे ज्या सीव्हने पाणी धरायचं तिथेच पाणी जन्माला येतं. डायजेस्टरच्या माथ्यावर थोडी हवा सोडून गंधक उतरवण्याची स्वस्त युक्ती बरेच जण वापरतात. द्रवीकरण करणाऱ्याने तिच्या वाटेला जाऊ नये. हवेतला नायट्रोजन ना मेम्ब्रेनवर निघत, ना सीव्हवर. तो टाकीपर्यंत जातो आणि दाब वाढवत बसतो. ॲक्टिव्हेटेड कार्बननंतर 15 बारपर्यंत कॉम्प्रेशन, गॅस थंड करून पाणी खाली, मग बहुतेक कार्बन डायऑक्साइड वेगळा करणारं तीन टप्प्यांचं मेम्ब्रेन. तिथून निघताना ताशी सुमारे 600 घनमीटर गॅस असतो, त्यात दीड टक्का कार्बन डायऑक्साइड. शेवटचं काम 13एक्स प्रकारच्या सीव्हच्या दोन बेडचं, म्हणजे सीव्हने भरलेल्या दोन टाक्यांचं: एक चार तास कामावर, दुसरा तेवढ्यात धरलेला वायू सोडण्यासाठी तापवून, निववून तयार.

पहिला संशय रेफ्रिजरेशनवर गेला. बाहेर 43 अंश, कंडेन्सर हवेवर चालणारे, दुपारी क्षमता घटतेच. पण थंडावा कमी पडला तर द्रव कमी बनतो, आत अडथळा तयार होत नाही. मग पाणी? ड्यू पॉइंट (गॅसमधलं पाणी बाहेर पडू लागण्याचं तापमान) उणे 70 च्या खाली होता, म्हणजे गॅस कोरडाच. शिवाय पाणी असतं तर बर्फ किंवा हायड्रेट (पाणी आणि मिथेनचा बर्फासारखा घन) एक्स्चेंजरच्या उबदार तोंडाशी धरला असता. आमचा अडथळा थंड टोकाला होता, जिथे तयार द्रव उणे 140 वरून उणे 158 पर्यंत उतरतो.

खरी खूण ट्रेंडमध्ये मिळाली. आठवडाभराचा डीपी एका पानावर काढला, तर करवतीचे दाते दिसले. दर चार तासांनी उभी चढण, मग हळूहळू उतार. पाण्याचा अडथळा असा उतरत नाही. थंड मिथेनमध्ये पाणी विरघळतच नाही म्हणा, ते फक्त साठत जातं. कार्बन डायऑक्साइडचं उलट आहे. मागून 20 पीपीएमचा स्वच्छ द्रव येत राहिला की तो साचलेला बर्फ विरघळवून पुढे नेतो. रात्रीचे दाते तळाला टेकत होते, दुपारचे टेकत नव्हते. त्या दिवशी काही वाटा पुरत्या बुजल्या असणार. बुजलेल्या वाटेत स्वच्छ द्रव पोचतच नाही, मग ती मोकळी कशी होणार?

आणि प्रत्येक चढण बेड बदलल्यानंतर काही मिनिटांत सुरू होत होती.

डीपी 1.2 ला गेला तेव्हा प्लांट आपोआप बंद पडायची वाट न पाहता आम्हीच आत जाणारा गॅस बंद केला. द्रव काढून घेतला आणि कोरडा नायट्रोजन सोडून बॉक्स गरम करायला घेतला. इथे घाई चालत नाही. मिनिटाला एक-दोन अंशांपेक्षा वेगाने तापवलं तर ॲल्युमिनियमच्या ब्रेझिंगवर, म्हणजे जोडांवर, ताण येतो. बाहेर पडणारा नायट्रोजन सुट्या ॲनालायझरला जोडून ठेवला होता. उणे 110 च्या पुढे त्यावरचा कार्बन डायऑक्साइड चढू लागला, थोड्याच वेळात काटा पट्टीबाहेर गेला आणि उणे 90 च्या आसपास डीपी बसला. शून्य अंश अजून कितीतरी दूर होता. पाण्याचा प्रश्न तिथेच मिटला.

मग 18 पीपीएम कुठून येत होता? ॲनालायझर खरं बोलत होता, प्रोग्रॅम ते पुढे जाऊ देत नव्हता. बेड बदलताना आकडा उसळतो, अलार्म वाजतो, ऑपरेटर वैतागतात. म्हणून प्लांट उभा राहताना कोणीतरी पीएलसीमध्ये (प्लांट चालवणारा संगणक) वीस मिनिटांचा होल्ड टाकला होता. तेवढा वेळ स्क्रीनवर आधीचाच आकडा गोठून राहायचा. होल्ड काढून बेड बदलला, कोल्ड बॉक्सकडचा वॉल्व्ह बंद ठेवून. पंधरा मिनिटं आकडा 700 ते 800 च्या घरात होता. ताशी 600 घनमीटरने पंधरा मिनिटांत 150 घनमीटर, विरघळण्यापलीकडचे साधारण 500 पीपीएम: एका बदलाला दीडशे ग्रॅमच्या आसपास कोरडा बर्फ.

आता बेड असं का करत होता. सीव्ह 230 अंशांच्या गॅसने तापवतात आणि मग निववतात. निववणारा गॅस हवेवरच्या कूलरमधून येतो. 2016 साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलेल्या लातूरच्या मुलखात कूलिंग टॉवरचा विचार कोणी करत नाही, आणि ते बरोबरच आहे. पण पंख्यांच्या रांगेजवळची हवा दुपारी 46-47 पर्यंत जाते, त्यातून निघणारा गॅस 55 च्या खाली येत नाही. निववण्याचा टप्पा ठरलेल्या वेळेचा, दीड तासाचा. वेळ संपली की बेड 60 अंशांवर असला तरी कामाला लागायचा. गरम सीव्ह दीड टक्क्यातला बराचसा कार्बन डायऑक्साइड धरतो, पण शेवटचे काही शे पीपीएम सोडून देतो. येणाऱ्या गॅसने तो निवला की आकडा आपोआप खाली. डिसेंबरात हाच दीड तास पुरून उरतो.

त्याच रात्री सोपा उपाय केला. नव्या बेडचा गॅस पहिली वीस मिनिटं कोल्ड बॉक्सकडे न पाठवता कॉम्प्रेसरच्या सक्शनला, म्हणजे गॅस आत ओढणाऱ्या तोंडाला, परत. तोवर जुना बेड कामावर. त्यासाठी जुन्या बेडमध्ये जागा उरायला हवी, म्हणून चार तासांचं चक्र साडेतीनवर आणलं आणि दुपारी 12 ते 6 लोड 75 टक्के ठेवला. तेवढा द्रव कमी बनतो, विक्रीवाले कुरकुरतात.

कायमचा उपाय म्हणून मेम्ब्रेनच्या आधीच्या चिलरमधून ग्लायकॉलची (थंडावा वाहून नेणारा द्रव) एक शाखा काढली आणि निववणाऱ्या गॅसवर छोटा प्लेट एक्स्चेंजर बसवला. उन्हाळ्यात गाळप बंद असतं, प्रेसमड ढिगातलं जुनं, त्यामुळे गॅसही थोडा कमी आणि चिलरला सवड असते. गॅस आता 25 ला येतो. निववण्याचा टप्पा वेळेऐवजी बेडच्या तापमानावर संपतो: तळ, मध्य आणि माथा, तिन्ही थर्मोकपल (तापमापक) 35 च्या खाली आल्याशिवाय वॉल्व्ह हलत नाही. होल्ड गेला. बदलाच्या वेळी अलार्म नको असेल तर तो फक्त गॅस सक्शनकडे वळवलेला असतानाच दबतो. कोल्ड बॉक्सकडचा वॉल्व्ह उघडा असताना 50 ला अलार्म आणि 100 ला गॅस आपोआप मागे.