शास्ता डेझीचा जुना ठोंब फोडून परत लावला, माझा अनुभव

शास्ता डेझी (पिवळ्या चकतीभोवती पांढऱ्या पाकळ्या असणारं फुलझाड) बहुवर्षीय आहे म्हणजे एकदा लावली की दरवर्षी आपली आपण फुलणार असं बरेच जण धरून चालतात. पहिली दोनतीन वर्षं तसंच होतं पण. नंतर ठोंब बाहेरच्या बाजूने पसरत जातो आणि मधला भाग म्हातारा होतो, तिथे नुसत्या तपकिरी काटक्या उरतात, फुलं येतात ती फक्त कडेने आणि तीही बारकी. माझ्याकडच्या ठोंबाचं अगदी हेच झालं होतं. तेव्हा ठरवलं की आता खत वाढवून काही होणार नाही, हा फोडायलाच हवा. तसंही डेझीला खत जास्त झालं की नुसता पाला माजतो आणि दांडे आडवे पडतात.

नवीन बी का नाही पेरलं असं कोणी विचारेल. त्याचं कारण या फुलाच्या जन्मातच आहे. ल्यूथर बर्बँक या अमेरिकन माणसाने चार वेगवेगळ्या डेझींचा संकर करत करत ही तयार केली आणि 1901 साली बाजारात आणली, कॅलिफोर्नियातल्या बर्फाच्छादित शास्ता पर्वतावरून नाव दिलं. संकरित असल्यामुळे घरच्या बियांतून आलेली रोपं आईसारखी निघतीलच याची काही खात्री नाही, उंची बदलते, फुलाचा आकार बदलतो. शिवाय बियांच्या रोपाला नीट फुलायला बहुतेक वेळा दुसरं वर्ष उजाडतं. मला हेच झाड हवं होतं, याच पांढऱ्या रंगाचं, त्यामुळे फोडण्याला पर्याय नव्हता.

थंडी ओसरून जमिनीलगत हिरवे फुटवे दिसायला लागले तेव्हा काम काढलं. आदल्या दिवशी भरपूर पाणी घातलं म्हणजे माती मुळांना धरून राहते. मग ठोंबापासून वीतभर लांब चारही बाजूंनी फावडं मारत गेले आणि अख्खा ठोंब वर उचलला, मुळं फार खोल नसतात त्यामुळे वाटतं त्यापेक्षा सहज निघतो. खरी मेहनत पुढे आहे. उलटा करून माती झटकली तेव्हा आत काय चाललंय ते दिसलं, मधोमध लाकडासारखा टणक, काळपट, पोकळ गाभा आणि त्याच्या भोवती पांढऱ्याशुभ्र ताज्या मुळांचे झुबके, प्रत्येकाला वर पोपटी पानांचा छोटासा तुरा. हाताने सुटले तेवढे सोडवले, बाकीचे जुन्या दातेरी सुरीने कापले. प्रत्येक तुकड्याला तीन ते पाच फुटवे आणि पुरेशी मुळं राहतील एवढंच पाहिलं. मधला गाभा सरळ कंपोस्टमध्ये टाकला, त्याचा मोह ठेवू नये.

लावताना आधी होता तेवढ्याच खोलीवर लावायचा, फुटव्यांचं बूड मातीखाली गेलं की कुजतं. दोन तुकड्यांत दीड ते दोन फूट अंतर, कमीत कमी सहा तास ऊन, आणि निचरा तर हवाच हवा. डेझी थंडी सोसते, पण थंडीत मुळाशी पाणी साचलं तर मरते. माती चिकट होती म्हणून वाळू आणि कुजलेलं शेणखत मिसळून वाफा थोडा उंच केला. सुरुवातीला पानं मलूल पडली, तरी माती ओलसर ठेवत राहिले, नवं पान दिसलं तसं पाणी कमी केलं.

मावा आला होता कोवळ्या शेंड्यांवर, पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने गेला.

फुलं सुरू झाली की जुनी झालेली फुलं खुडणं मात्र सोडायचं नाही. त्याची खूण पिवळ्या मधल्या भागात असते. ती चकती म्हणजे शेकडो बारीक फुलं असतात, कडेकडून उमलत आतपर्यंत जातात. ताज्या फुलात मधोमध न उमललेल्या घट्ट कळ्या दिसतात, जुन्यात सगळा भाग फुगून तपकिरी व्हायला लागतो. तसं झालं की दांडा खाली पानापर्यंत किंवा बाजूच्या कळीपर्यंत कापायचा, नाहीतर झाड बी धरण्यात ताकद घालवतं.

पहिल्या हंगामात फुलं मोजकीच आली पण आकार परत पहिल्यासारखा मोठा, दांडे ताठ, एकालाही काठीचा आधार द्यावा लागला नाही. कुंपणाजवळचा दुसरा ठोंबही आता मधून विरळ व्हायला लागलाय, तो यंदाची फुलं ओसरली की काढणार.